काठावर पास झालेले घर

दारात पणत्या मांडण्यासाठी मी दार उघडले मात्र, आतून भाऊ ओरडला, "ताई, आधी दार लाव!" लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दार लावून घ्यायचे? लक्ष्मीने यायचे कुठून? पण इंग्लंडातल्या नोव्हेंबरात लक्ष्मीच्या आधी वारा घरात शिरतो, हे मला दोन मिनिटांतच कळले.

ही गोष्ट 2023 सालच्या दिवाळीची. धाकटा भाऊ रेडिंगला नोकरीला; ऑक्टोबरात आई सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलेली. फोनवर ती नेहमी म्हणे, "थंडी बरी आहे." आईचे 'बरी आहे' म्हणजे काय, हे मुलींना सांगावे लागत नाही. कॉलेजला सुटी लागताच मी विमानात बसले. जाऊन पाहते तो काय, दोन स्वेटर, त्यावर शाल अशी आई स्वयंपाकघरात ओव्हनला खेटून बसलेली! रेडिएटर सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. मी भावावर तोंड टाकणार होते, पण त्याने काही न बोलता गॅसचे बिल पुढे केले. मी गप्प बसले.

मग वहिनीने घराचे प्रगतिपुस्तक दाखवले. तिकडे घर विकायचे किंवा भाड्याने द्यायचे तर ऊर्जेचे प्रमाणपत्र लागते. 2007 साली ही पद्धत सुरू झाली. 92 किंवा त्याहून जास्त गुण असले की ए, आणि 20 किंवा त्याखाली जी. आमच्या घराला 41 गुण, म्हणजे ई. ई ची हद्द 39 पासून! वीस वर्षे पेपर तपासणाऱ्या मला हा विद्यार्थी चांगला ओळखीचा होता. काठावर पास.

सगळ्यात गंमत पुढेच आहे. हे गुण गुप्त नसतात. पिनकोडासारखा तिकडचा टपालाचा क्रमांक संगणकावर घातला की अख्ख्या गल्लीचा निकाल समोर येतो. आपल्याकडे सोसायटीतल्या मुलांचे गुण विचारतात, तिकडे घरांचे! आम्ही दोघी नणंद-भावजया रात्री तेच वाचत बसलो. गल्लीतली घरे एकाच वळणाची, चाळीसारखी एकमेकांना चिकटलेली, शंभर वर्षांहून जुनी. रेडिंग एके काळी बिस्किटांच्या कारखान्यासाठी नावाजलेले गाव. अशा घरांच्या रांगाच्या रांगा तिथे आहेत. बहुतेकांना डी नाहीतर ई. पण दोन दारे सोडून एका घराला 70, चक्क सी! विटा त्याच, छप्पर तेच. फरक एवढाच की त्यांनी माळ्यावर सत्तावीस सेंटिमीटर जाड लोकरीसारखा थर अंथरला होता, भिंतींना आतून अस्तर लावले होते आणि बॉयलर नवा बसवला होता.

अस्तराची गरज का, ते भावाने सकाळी भिंतीपाशी नेऊन दाखवले. लाल विटांमध्ये करड्या विटांची आखूड डोकी मधून मधून दिसत होती. म्हणजे वीट भिंतीत आडवी शिरलेली, भिंत भरीव. ऊब सरळ बाहेर. पुढे 1920 नंतर दोन पदरी, मध्ये पोकळी ठेवलेल्या भिंती रूढ झाल्या. त्यांत बाहेरून विटांच्या लांब बाजूच तेवढ्या दिसतात.

मालकाला भावाने विचारून पाहिले होते. उत्तर आले, "घर पास आहे ना?" कायद्याने तो बरोबरच होता. 2020 पासून भाड्याच्या घराला, काही सवलती सोडल्या तर, निदान ई पाहिजे; तेवढे गुण होते. काठावर पास झालेल्याला अभ्यासाला बसवणे किती अवघड, हे मला कोणी सांगायला नको.

मग आईनेच कंबर कसली. जुन्या साडीच्या लांब पिशव्या शिवून त्यांत चिंध्या ठासल्या आणि त्या दारांच्या फटींशी लोळवल्या. पुढच्या दाराला जाड पडदा आला. घरातला वारा निम्मा झाला, गुण मात्र 41 चे 41! हे गुण ठरावीक राहणी गृहीत धरून काढतात. बैठकीची खोली 21 अंश उबदार ठेवली जाते, असे मानून. तिथे स्वेटर घालून बसलेली म्हातारी हिशेबात नाही. मला हे खटकले. आणि तरीही वाटले, निदान घर घेण्याआधी कोणी कागदावर सांगते तरी! आपल्याकडे 2006 पासून फ्रिजवर तारे आले. घरांच्या भिंतींसाठी 2018 मध्ये इको निवास संहिता निघाली. पण पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावरची मे महिन्यातली गच्ची किती तापते, हे फ्लॅट घेताना आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

मार्चमध्ये भाडेकरार संपत आला तेव्हा भावाने दुसरी घरे पाहायला सुरुवात केली. आईही बरोबर जाई. एके दिवशी तिचा फोन आला. एजंट आत खोल्या दाखवत होता आणि ही बाहेर रस्त्यावर उभी राहून भिंत न्याहाळत होती.

"अगं, या घराच्या विटा सगळ्या लांबच दिसताहेत," ती म्हणाली. "मी आत जाऊन सांगते त्यांना."