इलेक्ट्रिक गाडी घेताय? बेस की टॉप मॉडेल ठरवण्याआधी घरचं मीटर बघा

तालुक्याच्या गावांतही आता हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या दिसू लागल्यात. द्राक्षाचा नाहीतर उसाचा पैसा हातात आला की घरातली पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघून गाडी पक्की करतात आणि सगळं कुटुंब शोरूमला जातं. तिथं गेल्यावर मात्र डोकं चक्रावतं. डिझेलच्या गाडीत बेस, मधलं आणि टॉप एवढंच असायचं. इलेक्ट्रिकमध्ये एकाच नावाच्या गाडीत बॅटरी दोन प्रकारची, चार्जर दोन प्रकारचे आणि वरून फीचरचे तीन-चार टप्पे. सेल्समन सांगतो, "दादा, अजून हप्त्याला हजार-दीड हजारच वाढतात, टॉपच घ्या." तो हजार-दीड हजार पुढची पाच-सात वर्षं द्यायचा असतो, हे त्या घाईत सुटून जातं.

यातला कुठला पैसा कामाचा आणि कुठला नुसता दिखाव्याचा, हे ओळखायची सोपी रीत आहे. जी वस्तू नंतर बसवता येत नाही तिच्यावर आधी पैसे घालावेत. जी नंतर तालुक्याच्या दुकानात मिळते तिच्यासाठी वरचं मॉडेल घेऊ नये.

किमतीचं गणित

उदाहरण म्हणून टाटा टियागो ईव्ही बघू. सप्टेंबर 2022 मध्ये ही गाडी आली तेव्हा सुरुवातीच्या एक्स-शोरूम किमती अशा होत्या: लहान 19.2 युनिट बॅटरीची एक्सई 8.49 लाख आणि एक्सटी 9.09 लाख. मोठ्या 24 युनिट बॅटरीची एक्सटी 9.99 लाख, एक्सझेड प्लस 10.79 लाख, टेक लक्स 11.29 लाख. मोठा 7.2 किलोवॉटचा चार्जर हवा असेल तर वरच्या दोन मॉडेलवर आणखी 50 हजार. किमती नंतर बदलल्या, पण ही पायरी समजली की कुठल्याही कंपनीचं कोटेशन वाचता येतं. (बॅटरीचा किलोवॉट-अवर म्हणजे आपल्या मीटरवरचं युनिटच. 24 ची बॅटरी म्हणजे तिच्यात 24 युनिट वीज मावते.)

आता नीट बघा. एक्सटी ते एक्सटी, म्हणजे फीचर तीच ठेवून नुसती बॅटरी मोठी करायला 90 हजार लागले. मोठी बॅटरी ठेवून एक्सटीवरून एक्सझेड प्लसवर जायला 80 हजार. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, पण 90 हजारांत गाडी लांब जाते आणि 80 हजारांत फक्त आतली सोय-शोभा वाढते. सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या गाडीत 3 लाख 30 हजारांचं अंतर होतं. एवढ्यात घरी सोलर बसून वर पैसे उरतील.

बॅटरी: रोजचं अंतर नको, लांबचं धरा

कागदावर लहान बॅटरीला 250 आणि मोठीला 315 किलोमीटर लिहिलेलं होतं. हे चाचणीतले आकडे. एसी लावून, चार माणसं बसवून, हायवेला ऐंशी-नव्वदच्या वेगानं गेलं की लिहिलेल्याच्या साधारण दोन तृतीयांश धरून चालावं. म्हणजे लहान बॅटरीत दीडशे-पावणेदोनशे आणि मोठीत दोनशेच्या आसपास.

तासगावच्या माणसाला सांगलीला जाऊन यायचं असेल तर लहान बॅटरी भरपूर झाली. पण जतचा माणूस दवाखान्यासाठी मिरजेला निघाला तर जाऊन-येऊनच दीडशेच्या वर होतं. त्यात पेशंट घेऊन दोन ठिकाणी फिरावं लागलं, उन्हात एसी चालू राहिला, तर परतीच्या वाटेवर नजर रस्त्यावर कमी आणि बॅटरीच्या आकड्यावर जास्त. वरून ही बॅटरी पाच-सात वर्षांनी नव्यासारखी भरणार नाही, थोडी घट होणारच. म्हणून रोज किती फिरतो हे धरू नये. महिन्यातून एकदा-दोनदा जी लांबची खेप ठरलेली असते, तिचं जाऊन-येऊन अंतर काढावं, त्यात चाळीस-पन्नास किलोमीटर मिळवावेत आणि लिहिलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशात ते बसतं का बघावं. बसत असेल तर लहान बॅटरी घ्यायला अजिबात लाजू नये. बसत नसेल तर फीचर सोडून बॅटरी घ्यावी.

खरी अडचण अशी की कंपन्या हे सुटं देत नाहीत. मोठी बॅटरी पाहिजे तर मधलं किंवा वरचं मॉडेलच घ्या, अशी बांधणी असते. महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या गाड्या आल्या तेव्हा 79 ची बॅटरी फक्त सगळ्यात वरच्या पॅक थ्रीमध्ये होती. खालच्या सगळ्या पॅकमध्ये 59 ची. अशा वेळी मोठ्या बॅटरीचं सगळ्यात स्वस्त मॉडेल कोणतं, एवढा एकच प्रश्न शोरूममध्ये विचारायचा. सेल्समन पहिल्यांदा ते मॉडेल दाखवत नाही, बऱ्याचदा ते शोरूममध्ये उभंही नसतं.

चार्जर: इथं गावाकडची गोष्ट वेगळी

साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर तासाला साधारण तीन युनिट भरतात. 24 ची बॅटरी जवळजवळ रिकामी असेल तर भरायला रात्रीचे नऊ तास जातात. 7.2 किलोवॉटच्या चार्जरवर तेच काम चार तासांच्या आत होतं. शहरात बसून वाटतं, 50 हजार देऊन टाकावेत. गावात आधी तीन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, रोजचं फिरणं. दिवसाला साठ किलोमीटर झाले तरी नऊ-दहा युनिट लागतात. साध्या सॉकेटवर तीन-चार तासांत ते भरून निघतात. यासाठी मोठ्या चार्जरची गरजच नाही.

दुसरी, मीटर. गावठाणातल्या कित्येक घरांचा मंजूर भार एक किलोवॉट किंवा त्याहून कमी असतो. त्यावर 3.3 किलोवॉटचं चार्जिंगसुद्धा नियमात बसत नाही, मग 7.2 चं नावच नको. महावितरणकडे भार वाढवून घ्यावा लागतो. 7.2 चा चार्जर एकतीस-बत्तीस अँपिअर ओढतो. संध्याकाळी सगळ्या गावाच्या मोटारी, पंखे, टीव्ही चालू असताना डीपीवर व्होल्टेज आधीच पडलेलं असतं. तिथं महागडा चार्जर भिंतीला टांगून ठेवायची पाळी येते.

तिसरी गोष्ट उलट बाजूची. जिथं व्होल्टेज ठीक आहे पण रात्री तीन-चार तास लाईट जाते, तिथं मोठा चार्जर खरंच उपयोगी पडतो. लाईट असेल तेवढ्या वेळात गाडी भरून घेता येते. आपलं गाव कुठल्या प्रकारातलं आहे हे शोरूमवाल्यापेक्षा गावच्या वायरमनला जास्त माहीत असतं.

एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. नंतर बाहेरून 7.2 चा चार्जर आणून बसवला की गाडी लवकर भरेल, असं वाटतं. तसं होत नाही. घरच्या विजेवर गाडी किती वेगानं वीज घेणार हे गाडीच्या आत बसवलेल्या चार्जरवर ठरतं. आत 3.3 चा असेल तर भिंतीला कितीही मोठा डबा लावा, ती 3.3 च घेणार. आतला चार्जर नंतर बदलून मिळत नाही, त्यामुळे हा निर्णय बुकिंगच्या दिवशीच. महिंद्राच्या वरच्या दोन गाड्यांचं उलट आहे. तिथं घरी लावायचा चार्जर किमतीतच धरलेला नव्हता. 7.2 चा 50 हजार आणि 11.2 चा 75 हजार, असे वेगळे पैसे होते. अकराचा चार्जर थ्री फेजवर चालतो, हे तिथंच विचारून घ्यायला हवं.

हायवेवरचा फास्ट चार्जर ही आणखी निराळी गोष्ट. ती सोय सगळ्या गाड्यांत नसते. एमजी कॉमेट दिसायला छान, शहरात फिरवायला सोपी, पण तिला हायवेवरचा डीसी फास्ट चार्जर लागतच नाही. पेठ नाक्यावरून पुण्याला जाणाऱ्या माणसानं हे आधीच डोक्यात ठेवावं.

अर्थिंग आणि शेतीपंपाची लाईन

गाडीचा चार्जर सॉकेटला अर्थिंग नसेल तर चार्जिंग चालूच करत नाही. नवी गाडी दारात आणि लाल दिवा लागलेला, असं झालं की लोक कंपनीला शिव्या देतात. दोष असतो घराच्या वायरिंगचा. मीटरपासून स्वतंत्र चार एमएमची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग, हे गाडी येण्याआधी करून घ्यावं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा वाळतो, त्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं.

मळ्यात राहणाऱ्यांना मोह होतो तो शेतीपंपाच्या लाईनचा. ती वीज शेतीच्या दरानं मिळते, तिच्यावर गाडी चार्ज करणं म्हणजे वीज कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापर. दंड परवडत नाही. त्यातून ती लाईन दिवसातले ठरलेले आठ तासच असते आणि पाळी रात्रीची की दिवसाची हे दर आठवड्याला बघावं लागतं. घरच्या मीटरवर घरगुती दरानं चार्ज करायला परवानगी आहे. फक्त महिन्याला दीडशे-दोनशे युनिट वाढले की बिल वरच्या टप्प्यात जातं, युनिटचा दर बदलतो. सेल्समन "किलोमीटरला एक रुपया" म्हणतो तेव्हा तो खालच्या टप्प्याचा दर धरत असतो.

टॉप मॉडेलमध्ये काय घ्यावं, काय सोडावं

एअरबॅग आणि गाडी घसरू न देणारी ईएसपी यंत्रणा नंतर बसत नाही. त्या खालच्या मॉडेलमध्ये आहेत का, हे पहिलं बघावं. टाटा पंच ईव्हीमध्ये सहा एअरबॅग सगळ्याच मॉडेलमध्ये दिल्या आहेत, त्यामुळे तिथं सुरक्षेसाठी टॉपला जायची गरज राहत नाही. सगळ्या गाड्यांत असं नसतं.

सनरूफ मात्र आमच्या भागात कोणाच्या कामाचं? मार्चपासून जूनपर्यंत डोक्यावर ऊन, रस्त्याला फुफाटा. लग्नाच्या वरातीत नवरदेवाला उभं राहायला तेवढं बरं. मोठे अलॉय व्हील दिसायला भारी, पण त्यांचे टायर महाग आणि साईडवॉल पातळ, खड्ड्यात आपटले की रिम वाकते. स्टीलच्या चाकांची बेस गाडी मळ्याच्या वाटेला जास्त टिकते.

सीट कव्हर, मॅट, स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा हे सगळं बाहेर मिळतं आणि स्वस्त मिळतं. पण सावध राहावं. इलेक्ट्रिक गाडीत वायर कापून जोड मारला तर वॉरंटी जाऊ शकते. कपलरला कपलर जोडून बसणारी वस्तूच घ्यावी आणि नारिंगी रंगाच्या जाड केबलला दुकानदारालाच काय, स्वतःही हात लावू नये.

बॅटरी भाड्यानं आणि वॉरंटी

एमजी विंडसर सप्टेंबर 2024 मध्ये आली तेव्हा बॅटरीसह 13.50 लाखांपासून होती आणि बॅटरी भाड्यानं घेतली तर 9.99 लाख अधिक किलोमीटरला साडेतीन रुपये. साडेतीन लाख वाचले असं वाटतं. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे साडेतीन हजार भाड्यात जातात, म्हणजे वर्षाला 42 हजार, आणि चार्जिंगचा खर्च वेगळाच. आठ वर्षांत तीन लाख 36 हजार. महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतात, हे करारात वाचूनच सही करावी.

बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर वॉरंटी देतात. "लाइफटाइम" वॉरंटी असेल तर ती पहिल्या मालकापुरतीच असते. जुनी गाडी घेणाऱ्यानं हे खास बघावं.

कोटेशन हातात आलं की त्यातल्या "अ‍ॅक्सेसरीज पॅक" आणि "हँडलिंग" या ओळींवर पेनानं गोल करून त्या काढायला सांगाव्यात. आणि गाडी ताब्यात घेताना डिकी उघडून चार्जिंग केबल आहे का आणि स्टेपनी आहे का हे बघावं. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनीच्या जागी नुसतं पंक्चरचं किट असतं. टायरची बाजू फाटली की त्या किटचा काही उपयोग होत नाही, म्हणून स्टेपनी वेगळी मिळते का, ती ठेवायला जागा आहे का आणि किती पैसे पडतील, हे बुकिंगच्या पावतीवरच लिहून घ्यावं.