नर्सिंग शिकणाऱ्या लेकीला खोकला लागला तर? टीबीचा धोका नेमका कुठे असतो

प्रताप नगर (नागपूर) : नर्सिंग, एमबीबीएस, फिजिओथेरपी नाहीतर लॅब टेक्निशियनच्या कोर्ससाठी खेड्यांतून नागपुरात आलेली पोरं-पोरी प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला अशा भागांत खोली करून राहतात. सणाला गावी आलेली पोरगी खोकताना दिसली की आईच्या पोटात गोळा येतो. दवाखान्यातून टीबी तर नाही ना आणला?

शंका अगदीच खोटी नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत २००४ मध्ये ७२६ आरोग्य कर्मचारी व विद्यार्थ्यांची तपासणी झाली होती. त्यांचं मधलं वय होतं फक्त २२ वर्षं. कातडीची किंवा रक्ताची चाचणी धरली तर निम्म्या जणांच्या अंगात टीबीचा जंतू शिरल्याची खूण सापडली. दवाखान्यात जितकी वर्षं जास्त, तितकं हे प्रमाण जास्त. पुढे तिथल्याच मेडिकल-नर्सिंगच्या २१६ विद्यार्थ्यांना दीड वर्षाने पुन्हा तपासलं. आधी दोन्ही चाचण्यांत कोरे निघालेले १४७ जण होते. त्यांपैकी १७ जणांची रक्तचाचणी आता पॉझिटिव्ह आली. कातडीच्या चाचणीत, कडक निकष लावल्यावर, हा आकडा ६ होता.

पण इथे घाबरून पोरीचं शिक्षण सोडवू नये. जंतू अंगात शिरणं वेगळं, टीबी होणं वेगळं. जंतू शिरलेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो, बाकीच्यांत तो झोपलेलाच राहतो. झोपलेला जंतू दुसऱ्याला लागत नाही. जागा झालाच, तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत होतो. म्हणून शिकण्याचा काळ जपण्याचा. जेवण टाळून, रात्रपाळीने झिजून अंग खराब झालं की धोका वाढतो.

आता खरी गोष्ट. सगळ्यांना भीती टीबी वॉर्डाची वाटते. पण तिथला पेशंट ओळखलेला असतो, त्याची औषधं सुरू असतात, जवळ जाणारा मास्क लावून जातो. जास्त धोका ओळख न पटलेल्या पेशंटचा. ओपीडीच्या रांगेत महिनाभर खोकणारा म्हातारा, साध्या वॉर्डात 'न्यूमोनिया' म्हणून भरती झालेला माणूस. त्याच्याजवळ विद्यार्थी तोंड उघडं ठेवूनच उभा असतो. थुंकी गोळा करताना तर फारच जवळ. टीबी हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नाही. त्यामुळे उघडी खिडकी हे मोठं औषध आहे, आणि थंडीत नेमकी तीच बंद केली जाते. कापडी रुमाल पेशंटच्या तोंडावर ठीक. विद्यार्थ्याला मात्र चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ लागतो. तो मागायला लाजू नये. लहानपणी बीसीजी टोचलं म्हणून मोठेपणी निर्धास्त राहता येत नाही. ती लस मुख्यतः लेकरांना गंभीर टीबीपासून वाचवते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम. यातलं काही दिसलं तर थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करावा. हे सगळं ठाऊक असूनही डॉक्टरकी शिकणारेच उशीर करतात. हजेरी बुडेल, रूम पार्टनरला कळेल, आणि मुलीच्या बाबतीत सगळ्यांत मोठी भीती लग्नाची. मग मेडिकल दुकानातून सिरप घेऊन दोन महिने काढले जातात. तोवर एकाच खोलीतल्या बाकीच्या दोघींना जंतू लागू शकतो.

साधा टीबी सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बहुतेकांत औषध नीट सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागण होण्याचा धोका बराच उतरतो. तपासणी व औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत खात्यात पैसे येतात. आधी महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. घरात कुणाला टीबी निघाला तर बाकीच्यांनीही तपासून घ्यावं, आजार नसल्यास प्रतिबंधक गोळ्या मिळतात. चौकशीसाठी सरकारचा टोल फ्री क्रमांक : १८००-११-६६६६.