काट्यावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा

ह्यूस्टनशेजारच्या आमच्या शुगर लँडच्या नावात साखर आहे, गावात मात्र उरली नाही. इंपीरियल शुगरचा इथला कारखाना २००३ साली बंद झाला. आता आसपास तेल-वायू क्षेत्रातल्या कंपन्यांची ऑफिसं आहेत आणि माझ्यासारखी मापन-उपकरणांत काम करणारी मंडळी. पण उसाशी नातं तुटत नाही. तिकडे गाळप हंगाम सुरू झाला की इकडे फोन येतात.

यंदाचा फोन भाच्याचा. सांगली जिल्ह्यात तो एका वजनकाट्यावर बसतो. जुना कॉम्प्युटर बंद पडला, नवा आणला, त्याला सीरियल पोर्टच नाही. यूएसबीचा कन्व्हर्टर लावला, तर काट्याच्या डिस्प्लेवर वजन दिसतंय, कॉम्प्युटरवर येत नाही. "मामा, हातानं आकडे टाकतोय, पण शेतकरी संशयानं बघतात हो." बघणारच! काटामारीच्या तक्रारी आपल्याकडे काय आजच्या आहेत? आकडा माणसाच्या हातातून गेला की विश्वास डळमळतो.

आरएस-२३२ हे सीरियल जोडणीचं मानक १९६० सालचं, अमेरिकेतलं. अजून टिकलंय, कारण ते साधं आहे. कामाच्या तारा तीनच: पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. म्हणून तपासणीही पायरीपायरीनं करता येते. आमच्याकडे रात्रीचे साडेआठ, त्याच्याकडे सकाळचे आठ. व्हिडिओ कॉलवर सुरुवात केली.

पहिली पायरी कॉम्प्युटरची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कन्व्हर्टरला कुठला कॉम नंबर मिळालाय ते बघायचं. मग काट्याची केबल काढून कन्व्हर्टरच्या नऊ पिनांपैकी दोन आणि तीन नंबरच्या पिना छोट्या तारेनं जोडायच्या. पुटीसारख्या प्रोग्रॅममध्ये तो पोर्ट उघडायचा, फ्लो कंट्रोल बंद ठेवायचा आणि काहीही टाइप करायचं. अक्षर परत आलं तर कन्व्हर्टर ठणठणीत. तार काढल्यावर अक्षर यायचं थांबलंही पाहिजे. भाच्याच्या दोन्ही गोष्टी जमल्या.

दुसरी पायरी केबलची. काट्याची पाठवायची तार कॉम्प्युटरच्या दोन नंबरच्या पिनेवर आणि ग्राउंड पाचवर यायला हवा. काहीच येत नसेल तर दोन आणि तीनची अदलाबदल झालीय का बघायचं. इथे केबल जुनीच होती. ती परत लावली आणि पडद्यावर चिन्हांचा कचरा सुरू झाला. भाचा हिरमुसला, मी म्हटलं, "अरे, ही तर चांगली बातमी! तार बोलतेय, वेग जुळत नाहीये."

तिसरी पायरी तीच. काट्याच्या मेनूत वेग २४०० होता, पुटीत ९६००. डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिटही दोन्हीकडे सारखेच लागतात. वेग बदलताच स्वच्छ आकडे धावू लागले. मग पुटी बंद करून तोच कॉम नंबर आणि तोच वेग वजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरला. एका वेळी पोर्ट एकाच प्रोग्रॅमला मिळतो, हे बरेच जण विसरतात.

तरी काम संपलं नव्हतं. रिकाम्या काट्यावर दोन्हीकडे शून्य दिसतं म्हणून समाधान मानू नये. काटा लांबलचक ओळ पाठवतो, त्यातले नेमके अंक सॉफ्टवेअरनं उचलायचे असतात. एक जागा चुकली तर १८,४६० किलोचे ८,४६० होतात. म्हणजे शेतकऱ्याचा दहा टन ऊस एका अंकात गायब! म्हणून भरलेला ट्रॅक्टर चढवला, डिस्प्ले, पडदा आणि छापील पावती तिन्ही जुळवल्या, तेही ट्रॅक्टरवाल्यासमोर.

काटा खरा की खोटा हे वैधमापन विभाग तपासतो. पण काट्यापासून पावतीपर्यंतचा रस्ता आपणच तपासायचा. गावी कुणाचा ऊस जात असेल तर एवढंच कळवा: पावती खिशात घालण्याआधी डिस्प्लेकडे एकदा मान वर करून बघा.