विजेचा पाटकरी

दुष्काळी मराठवाड्यात पाण्याचे मोल मोठे. लासूर स्टेशनच्या एखाद्या मुलाने मनावर घेतले, तर कुंडीतील माती सुकताच बॅटरीवरचा छोटा पंप सुरू करणारे विद्युत्-मंडल त्याला घरीच रचता येईल. ब्रेडबोर्डच्या छिद्रांत सुट्या भागांचे पाय खोचावयाचे; डाख द्यावा लागत नाही.

मातीत रोवलेल्या संवेदकावरून ओलावा ताडणारा मायक्रोकंट्रोलर हा या मंडलाचा मेंदू होय. पण त्याची शक्ती बेताची. त्याच्या एका पायातून साधारणतः २० मिलिअँपिअरच प्रवाह घ्यावा. पंपाची कळ दाबणाऱ्या रिलेस मात्र सुमारे ७० मिलिअँपिअर लागतात. रिले थेट जोडल्यास मेंदूच जळावयाचा!

येथे १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेला ट्रान्झिस्टर साहाय्यास येतो. कालव्यावरील पाटकरी पाणी वाहून नेत नाही, केवळ दार उचलतो. त्याचप्रमाणे, ५ व्होल्टच्या पायातून १००० ओहमच्या रोधामार्गे अवघे ४ मिलिअँपिअर ट्रान्झिस्टरच्या ‘बेस’ या टोकास मिळाले, की बॅटरीचा मोठा प्रवाह रिलेतून वाहू लागतो. रिले बंद होताना त्याच्या वेटोळ्यात उसळणारा उलटा दाब डायोड जिरवितो.

मग घर चार दिवस बंद असले, तरी रोप जगते आणि पाणीही वाया जात नाही.