गेम अडकतो, चित्र ताणलं जातं? खर्च करण्याआधी कॉम्प्युटरची ही सेटिंग बघा

अंबड : कंपनीतून किंवा ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर आणि त्याला नवा रुंद एलईडी मॉनिटर, असा जोड आता अनेक घरांत दिसतो. घेतलेला असतो अभ्यासासाठी, पण सुट्टीत पोरं त्यावर गेम लावतात. मग दोन तक्रारी सुरू होतात. पहिली, गेम अडकत अडकत चालतो. दुसरी, अडकू नये म्हणून रेझोल्युशन कमी केलं की चित्र आडवं ताणतं आणि धुरकट दिसतं. शेवटी ‘ग्राफिक्स कार्ड घ्या’ असा हट्ट सुरू होतो आणि घरच्यांच्या खिशाला कात्री लागायची वेळ येते.

या दोन्ही तक्रारींवर बिनपैशाचा उपाय आहे. कार्ड खरंच लागणार की नाही, हेही त्यातूनच कळतं.

रेझोल्युशन म्हणजे काय?

मॉनिटरवरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. त्यांना पिक्सेल म्हणतात. आडवे किती आणि उभे किती ठिपके, हा हिशेब म्हणजे रेझोल्युशन. फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० होतात. गेम चालू असताना कॉम्प्युटरला एवढे सगळे ठिपके एका सेकंदात ३० ते ६० वेळा नव्याने रंगवावे लागतात.

तेच रेझोल्युशन १२८० बाय ७२० केलं तर ठिपके उरतात ९ लाख २१ हजार ६००. म्हणजे निम्म्याहून कमी काम. जुन्या कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, प्रोसेसरमध्येच असलेल्या छोट्या ग्राफिक्सवर सगळा भार असतो. त्याच्या डोक्यावरचं ओझं कमी झालं की गेम पळायला लागतो.

मग चित्र का ताणतं?

इथं प्रश्न ठिपक्यांचा नाही, चौकटीच्या आकाराचा आहे. आजचे बहुतेक मॉनिटर १६:९ या मापाचे आहेत. म्हणजे रुंदी १६ भाग, तर उंची ९ भाग. जुने गेम मात्र ४:३ या चौकोनी मापासाठी बनलेले. ६४० बाय ४८०, ८०० बाय ६००, १०२४ बाय ७६८ ही सगळी रेझोल्युशन ४:३ ची आहेत.

हे ४:३ माप फार जुनं आहे. अंबडपासून जवळच, पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचं स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. त्या काळच्या मूकपटांच्या फिल्मवरची चौकट ४:३ चीच असायची. पुढे टीव्हीने तेच माप घेतलं. दूरदर्शनवर १९८७ मध्ये सुरू झालेली ‘रामायण’ मालिका याच चौकटीतली. कॉम्प्युटरचे जुने जाडजूड मॉनिटरही तसेच होते. रुंद पडदे घरोघरी आले ते नंतर.

मोबाइलवर जुनं गाणं लावलं की दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात ना? कारण हेच. चौकोनी चित्र रुंद पडद्यावर मावतं, पण कडेला जागा उरते. मोबाइल ती जागा काळी ठेवतो. कॉम्प्युटरवर सेटिंग चुकीची असेल तर तेच चित्र ओढून कडेपर्यंत नेलं जातं. त्यामुळे प्रत्येक वस्तू रुंदीला एक तृतीयांशाने वाढते. गाडीचं गोल चाक अंड्यासारखं दिसतं, सडपातळ माणूस जाडा होतो.

ताण घालवायचा कसा?

पहिला मार्ग सोपा आहे. रेझोल्युशन कमी करताना मॉनिटरच्याच मापातलं निवडावं. फुल एचडी मॉनिटर असेल तर १६०० बाय ९०० किंवा १२८० बाय ७२०. दोन्ही १६:९ ची आहेत, त्यामुळे चित्र ताणत नाही. १३६६ बाय ७६८ च्या मॉनिटरलाही १२८० बाय ७२० चालतं.

दुसरा मार्ग जुन्या गेमसाठी. त्यात फक्त ४:३ चे पर्याय असतील, तर चित्र न ओढता मधोमध ठेवायला कॉम्प्युटरला सांगावं लागतं.

इंटेल ग्राफिक्स असेल तर इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटर उघडून डिस्प्लेमध्ये जावं. तिथं ‘स्केल’मध्ये ‘मेंटेन ॲस्पेक्ट रेशो’ निवडावं. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘ॲडजस्ट डेस्कटॉप साइझ अँड पोझिशन’ इथं ‘ॲस्पेक्ट रेशो’ निवडावं. एएमडीमध्ये आधी ‘जीपीयू स्केलिंग’ चालू करून मग ‘प्रिझर्व्ह ॲस्पेक्ट रेशो’ लावावं. यातलं काहीच सापडलं नाही, तर मॉनिटरच्या बटणांनी उघडणाऱ्या मेनूत ‘वाइड’ किंवा ‘फुल’ऐवजी ‘४:३’ किंवा ‘ॲस्पेक्ट’ आहे का ते बघावं.

सेटिंग बसली की फुल एचडी मॉनिटरवर चित्र मधल्या १४४० ठिपक्यांत येतं आणि दोन्ही बाजूंना २४०-२४० ठिपक्यांचे काळे पट्टे राहतात. पट्टे दिसले म्हणजे मॉनिटर बिघडला असं समजू नये. चित्र बरोबर आल्याची ती खूण आहे.

काउंटर स्ट्राइक खेळणारी काही पोरं मुद्दाम चित्र ताणून खेळतात. समोरचा खेळाडू रुंद दिसतो, नेम धरायला सोपं जातं असं त्यांचं म्हणणं. पण त्या गेममध्ये ४:३ लावलं की डाव्या-उजव्या कडेचं दृश्य कापलं जातं. कडेने येणारा उशिरा दिसतो. ज्याला जे सोयीचं ते त्याने करावं, पण ताणलेलं चित्र म्हणजे चांगलं चित्र नव्हे.

धुरकटपणा कशाने येतो?

एलईडी मॉनिटरचे ठिपके पक्के बसवलेले असतात. गेमने ७२० ओळींचं चित्र पाठवलं तरी मॉनिटरला १०८० ओळी भरायच्याच असतात. म्हणजे दोन रोपं आणि खड्डे तीन. मधल्या खड्ड्यात काय लावायचं? मग मॉनिटर शेजारच्या दोन रंगांची भेसळ करून तो ठिपका भरतो. त्या भेसळीमुळे अक्षरं आणि कडा फिसकटल्यासारख्या दिसतात.

यावरही तोड आहे. अनेक नव्या गेममध्ये ‘रेझोल्युशन स्केल’ किंवा ‘रेंडर स्केल’ नावाचा पर्याय असतो. अशा वेळी रेझोल्युशन १९२० बाय १०८० च ठेवावं आणि हा आकडा १०० वरून ७०-७५ वर आणावा. मग झाडं, घरं, रस्ते कमी ठिपक्यांत तयार होतात, पण बहुतेक गेममध्ये पडद्यावरची अक्षरं, नकाशा आणि गुण स्पष्टच राहतात. वेग वाढतो आणि डोळ्यांना त्रास कमी होतो.

कार्ड घ्यायचं की नाही? दहा मिनिटांची परीक्षा

विंडोज १० किंवा ११ मध्ये विंडोजचं बटण आणि जी एकत्र दाबलं की गेम बार उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं येतात, तो आकडा दिसतो. गेम आधी १९२० बाय १०८० वर चालवावा आणि आकडा लिहून ठेवावा. मग गेममधल्या त्याच ठिकाणी १२८० बाय ७२० वर पुन्हा बघावा.

आकडा चांगलाच वाढला, तर कमजोरी ग्राफिक्सची आहे. वाढलेल्या आकड्यावर गेम नीट खेळता येत असेल तर काहीच विकत घ्यायची गरज नाही. कमी रेझोल्युशनवर खेळावं.

आकडा जवळजवळ तेवढाच राहिला, तर ग्राफिक्सचा दोष नाही. प्रोसेसर किंवा रॅम कमी पडते आहे. अशा कॉम्प्युटरला महागडं कार्ड लावलं तरी फारसा फरक पडणार नाही, पैसे मात्र जातील. कमजोरी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सची असो की रॅमची, आधी रॅमची एकच पट्टी आहे का ते तपासावं. आतलं ग्राफिक्स याच रॅममधून जागा घेतं. त्यामुळे दुसरी तशीच पट्टी लावायची सोय असेल तर कार्डपेक्षा कमी खर्चात वेग वाढू शकतो.

कार्ड घ्यायचंच ठरलं, तरी आधी कॅबिनेट उघडून बघावं. ऑफिसमधले बारीक कॅबिनेटचे कॉम्प्युटर असतात, त्यांत नेहमीच्या मापाचं कार्ड बसत नाही आणि त्यांचा पॉवर सप्लायही कमी वॅटचा असतो. लॅपटॉपमध्ये तर असं कार्ड आत बसवताच येत नाही.

पडदा काळा झाला तर

डेस्कटॉपचं रेझोल्युशन बदलताना मॉनिटरला न झेपणारं निवडलं गेलं, तर पडद्यावर ‘आउट ऑफ रेंज’ असं काहीतरी येतं. घाबरून वायर उपटू नये. काहीही न दाबता १५ सेकंद थांबावं, विंडोज आपोआप जुन्या सेटिंगवर येतं. गेमच्या आत असं झालं तर ऑल्ट आणि एफ४ एकत्र दाबून गेम बंद करावा.

पोरांनी कार्डाचा हट्ट धरला तर एवढंच करावं. आधी १२८० बाय ७२० लावून बघायचं, मग रेंडर स्केल, मग रॅमची पट्टी. दुकानात जायचा विचार त्यानंतर. आणि जाताना दोन्ही एफपीएसचे आकडे कागदावर लिहून न्यावेत. आकडे हातात असले की दुकानदारही कामापुरतंच बोलतो.