फुलीवरची गाठ

फुलीचा टाका मोठा शिस्तीचा. मॅटीच्या कापडावर चौकोन जणू आखूनच दिलेले असतात. एका चौकोनात एक फुली घालीत गेले की पोपट तयार होतो. पण तो असतो सपाट, कापडाला चिकटलेला. शिवाय डोळ्याच्या जागी काळी फुली घातली की डोळा चौकोनी होतो! चौकोनी डोळ्याचा पोपट आपण कधी पाहिला आहे काय?

अशा ठिकाणी गाठीचा टाका घालावा. यालाच फ्रेंच नॉट म्हणतात. सगळ्या फुल्या भरून झाल्यावर सुई वर काढा, डाव्या हाताने दोरा ताणून धरा आणि तो सुईभोवती एकदा किंवा दोनदा गुंडाळा. मग सुई शेजारीच खाली घाला, त्याच भोकात मात्र नव्हे. मॅटीची भोके मोठी. सुईपाठोपाठ गाठही पसार व्हायची! म्हणून फुलीकामाची बोथट सुई ठेवून टोकदार सुई घ्यावी आणि कापडाच्या विणीतच टोचावी. दोरा पुरता ओढला जाईपर्यंत डाव्या हाताचा ताण सोडायचा नाही. सारी मेख इथेच आहे. एकदा आवळलेली गाठ सहसा उसवत नाही, कापावीच लागते.

गाठ मोठी हवी असेल तर पुष्कळजणी वेढे वाढवतात. मग ती ढिली पडून एका अंगाला कलते. त्यापेक्षा सहापदरी दोऱ्यातले दोनऐवजी तीन पदर ओवावेत.

सूर्यफुलाचा मध्य, मोराच्या तुऱ्याची टोके, डाळिंबाचे दाणे ही गाठीची खरी ठिकाणे. निसर्गात जे वर आलेले असते, तेच वर आणावे. सरसकट गाठी मारल्या तर कापडाला घामोळे आल्यासारखे दिसते.

धारवाडकडच्या कसुतीत फुलीच्या टाक्याला मेंथी म्हणतात, आणि तिथे दोऱ्याला गाठ मारायचीच नाही असा दंडक आहे. साडीच्या पदराची मागची बाजूही लोकांना दिसते ना! तेव्हा पदरावर ही गाठ नको. उशीच्या अभ्र्यावरही मधोमध नको, गालाला टोचते. चौकटीतल्या चित्राला मात्र ती शोभते. इस्त्री करताना जाड टॉवेलवर काम पालथे घालून मागूनच फिरवावी, नाहीतर गाठी चेपतात.