स्वप्न ‘पडते’: सजाण स्वप्न आणि अवधान

शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडी हे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील दत्तक्षेत्र होय. ‘गुरुचरित्रा’चे सप्ताह-पारायण करणाऱ्याने रात्री पोथीसंनिध डाव्या कुशीस निजावे, म्हणजे दृष्टांत होतो, असा दत्तसंप्रदायातील संकेत आहे. यातील क्रियापद लक्षणीय आहे. दृष्टांत ‘होतो’, स्वप्न ‘पडते’, झोप ‘लागते’. निजणारा या क्रियांचा कर्ता नसतो.

‘हे स्वप्न आहे’ असे स्वप्नातच उमगते, त्या अवस्थेस सजाण स्वप्न म्हणता येईल. कीथ हर्न यांनी १९७५ साली आणि पुढे स्टीफन लाबर्ज यांनी, निद्रिताने आधी ठरल्याप्रमाणे केलेल्या नेत्रचलनाच्या नोंदीवरून तिचे प्रत्यंतर मिळविले.

जागेपणातून थेट या अवस्थेत शिरू पाहणाऱ्याची अडचण मराठी वाक्प्रयोगांतून स्पष्ट होते. ‘लक्ष ठेवणे’ ही कृती, तर ‘लक्ष लागणे’ ही स्थिती. लक्ष हट्टाने ठेवल्यास झोप लागत नाही. अगदी सोडल्यास झोप लागते, पण जाण हरपते. म्हणून अवधानास श्वासाचा किंवा संथ अंकगणनेचा हलका आधार द्यावा. मिटल्या डोळ्यांपुढे चित्रे उमटू लागली, तर त्यांच्यामागे न धावता ती केवळ पाहावीत. मन भरकटल्यास त्रागा न करता आधाराकडे परतावे. स्वप्नांचा काळ उत्तररात्री वाढत असल्याने पहाटेची वेळ अनुकूल ठरते. मात्र त्यासाठी नित्य झोपमोड करणे अहितकारक होय.

पारायणी आणि अभ्यासक यांचे हेतू भिन्न असले, तरी दोघांच्याही हाती तयारी तेवढीच असते. स्वप्न पडावेच लागते.